पैलवानाचे कान आणि पिवळे बोळे

“कान दाखव.”

तालमीच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिलेल्या पोराला वस्ताद पहिलं एवढंच म्हणायचे. नाव नाही, गाव नाही, बाप काय करतो ते नाही. आवाज असा की हौद्यातली तांबडी माती जरा दबून बसावी. वस्ताद गेले, तालमीत निम्मी व्यायामशाळा आणि निम्मं पार्किंग झालं, तरी बाळासोला तो आवाज अजून लख्ख ऐकू यायचा. आतून येणारा होता ना तो. बाहेरून येणारे आवाज मात्र अलीकडं सासरी नांदेनाशा झालेल्या पोरींसारखे वाटेतूनच माघारी फिरत होते.

तालमीत गेला तेव्हा बाळासोचे कान जास्वंदीच्या पाकळीगत होते. पातळ, कोवळे, उन्हाला धरले की लाल दिसणारे. वस्तादांनी त्यातला एक चिमटीत धरून पिळला.

“ह्ये काय रं? पापड हाईत व्हय? ह्येची भाकरी झाल्याबिगर मला पैलवान म्हणून तोंड दावायचं न्हाई.”

झाली भाकरी. समोरच्याच्या डोक्यानं, कोपरानं, गुडघ्यानं घासून घासून दोन्ही कान सुजले, त्यांत रक्त साकळलं, ते घट्ट झालं आणि करंजीची मुरड उलटी पडावी तसे कान कायमचे मिटले. घरात आईनं हळद लावली आणि डोळे पुसले. तालमीत पेढे वाटले. त्या दिवसापासून बाळासोला एसटीत जागा मिळायला लागली. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार काढणारा गवळी त्याचे कान बघून पेला काठोकाठ भरायचा. लग्न ठरवायला पाहुणे आले, त्यांनीही तोंडाकडं कमी आणि कानाकडं जास्त बघितलं. कोल्हापुरात मोडका कान म्हणजे बिनशाईचा शिक्का. तो कुठंही चालतो.

एका जागी तेवढा चालला नाही. विमानतळावर.

उजळाईवाडीच्या माळावर विमान उतरलं की पोपटी जाकीट घालून, हातात दोन लाल बॅटा घेऊन त्याला जागेवर आणून उभं करायचं, हे बाळासोचं काम. तिथल्या भाषेत मार्शलर, गावाच्या भाषेत ‘इमानाचा पोलीस’. बॅटा वर करून तो नुसत्या हातांनी म्हणायचा, ये, ये की, लाजतंयस काय, अजून ये, आता बास. आणि पोटात माणसं भरलेलं ते पांढरं धूड, संध्याकाळी म्हैस गोठ्यात शिरावी तसं नाक खाली घालून त्याच्यापुढं येऊन थांबायचं. कुस्ती सुटून जमाना झाला, पण रोज एवढा मोठा गडी हात न लावता चितपट करायला मिळतो, मग आणखी काय हवं माणसाला!

या कामात कानावर हेडफोन घालायचा नियम होता. गाणी ऐकायला नव्हे. पंख्यांचा आवाज कानाचा पडदा खाऊन टाकतो, तो खाऊ नये म्हणून. आणि हेडफोनच्याही आत पिवळे स्पंजचे बोळे, चिमटीत दाबायचे, कानात सोडायचे, आत गेले की ते फुगून बसतात. नियम चांगलाच होता. फक्त ज्यानं केला त्यानं उभ्या जन्मात तालीम बघितली नसावी. बाळासोच्या कानाचं भोक मुरडीत हरवलेलं. बोळा आत सोडावा तर बेडकागत बाहेर उडी मारायचा. हेडफोन चढवावा तर तो गाठींवर टेकून अधांतरी बसायचा आणि अशी कळ मारायचा की वस्ताद आठवावेत. मग बाळासो तो हेडफोन गळ्यात घालायचा. सत्काराचा हार घालतात तसा.

“आण्णा, कानावर घ्या की,” कोणी म्हणालं तर तो हसायचा.

“आरं, ह्या कानानं मोठमोठ्यांची टकुरी झेलल्यात. इमान काय करतंय ह्येला?”

विमानानं काय करायचं ते सावकाश केलं. आधी पाखरं गेली. माळावरच्या टिटव्या ओरडायच्या बंद झाल्या, म्हणजे बाळासोपुरत्या. मग कुकरची शिट्टी गेली. मग उजव्या बाजूला उभी राहून बोलणारी माणसं एकेक करून गेली. डाव्या कानात थोडं ऊन होतं, तेही कलतं.

हे बाळासोला ठाऊक होतं आणि त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं की त्याला मैदानातून उठवून आत हॉलमध्ये ट्रॉल्या लावायला उभं करणार. विमान यायचं, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातापुढं मान घालायचं, आणि बाळासोनं ते काचेतून बघायचं. त्या काचेचं त्याला मरणापेक्षा भ्या वाटायचं. कानाच्या तपासणीत तो समोरच्याच्या चष्म्यात बघायचा. बटण दाबणारं बोट चष्म्यात दिसायचं, बोट हललं की बाळासो हात वर करायचा. तपासणारा म्हणाला होता, “पैलवान, ससा आहात तुम्ही ससा.”

आणि बाकीच्या वेळेला एक डाव होता. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची आणि म्हणायचं, “व्हय की.” हा डाव कधी फसला नाही. उलट कंपनीत बाळासोचं नाव झालं. गडी लई गुणाचा, कशाला न्हाई म्हणत न्हाई.

अशात प्रियदर्शनी मगदूम आली. कंपनीची नवी सुरक्षा अधिकारी. शिरोळकडची, जैनाघरची, सूर्य बुडायच्या आत डबा उरकणारी. मुंगीवर पाय पडू नये म्हणून बघून चालणाऱ्या आजीची नात ती, त्यामुळं डांबरावर पडलेला खडा तिला लांबून दिसायचा. विमान उभं राहतं त्या फरशीवर खडा, खिळा, पिशवी, काहीही दिसलं तर वाकून उचलायचं, हा नियम तिनं सगळ्यांच्या अंगात असा मुरवला, की लोडर सम्राट घरच्या अंगणातले खडेही उचलायला लागला आणि त्याची बायको धसकली.

एका सकाळी, विमानाचे पंखे अजून फिरत असताना, ती बाळासोच्या उजव्या अंगाला येऊन बराच वेळ काहीतरी बोलली. हातवारे केले, स्वतःच्या कानाला हात लावला, हसली.

“व्हय की,” बाळासो म्हणाला.

तिचा चेहरा उजळला. दुपारी सूचनाफलकासमोर गर्दी, आणि गर्दीत सम्राट पोट धरून हसतोय.

“आण्णा, सुरक्षा सप्ताहात कानाच्या काळजीवर तुमचं प्रात्यक्षिक?”

“कोण म्हणतंय?”

“तुमीच व्हय म्हणालासा म्हणं. मॅडम सांगत होत्या, आमच्यातला सगळ्यात समजूतदार माणूस.”

बाळासोनं फलक वाचला. बोळे कसे घालावेत, हेडफोन कसा लावावा, सादरकर्ते बाळासो पाटील. खाली कुणीतरी पेन्सिलीनं दोन करंज्या काढल्या होत्या.

“मग काय, व्हय की,” तो म्हणाला, कारण दुसरं काही म्हणायची सवय राहिली नव्हती.

सप्ताहाच्या तोंडावरच ती गोष्ट घडली.

दुपारचं विमान गेलं होतं. सामानाच्या शेडपाशी बाळासो एकटाच चालला होता. फरशीवर एक लहानसा नट चमकला. तो वाकला. नियमाप्रमाणं. मागून विश्वजित ट्रॅक्टर उलटा घेत होता, ट्रॉल्या जोडायला. विश्वजित त्याच्याच तालमीतलं पोर, बाळासोनंच शब्द टाकून कामाला लावलेलं. ट्रॅक्टर मागं येताना त्याचा भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात. बाळासो झाला नाही. नट उचलून उभा राहतोय तोवर पाठीला गरम लोखंड लागलं. लागलं म्हणजे टेकलं फक्त, एखाद्यानं खांद्यावर हात ठेवावा तसं. विश्वजितनं जीव खाऊन ब्रेक दाबला होता. बाळासोनं वळून बघितलं तर विश्वजितचं तोंड चुन्यागत पांढरं, आणि काचेपलीकडून हे बघितलेली प्रियदर्शनी धावत येतेय.

“लागलं का मामा? कुठं लागलं?” आता ती डाव्या बाजूला होती.

“कुठलं काय! टेकलाय नुसता.”

“विश्वजित, भोंगा?”

“वाजत होता की मॅडम! शप्पत. आण्णा हलंनात म्हणून मी आरडलो बी.”

ती बाळासोकडं वळली. ट्रॅक्टर टेकला तेव्हा शेडपाशी तिसरं कुणी नव्हतं, आणि काचेआड तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिनं सावकाश, स्वच्छ विचारलं, “मामा, भोंगा वाजला होता का?”

व्हय की म्हणावं, तर मग हलला का नाहीस, हा पुढचा प्रश्न. बाळासोच्या डोळ्यांपुढं ती काच आली. तिच्यापलीकडं विमान, अलीकडं ट्रॉल्या.

“न्हाई,” तो म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा तो कुणाला न्हाई म्हणाला, आणि तेही खोटं.

त्या ट्रॅक्टरचा भोंगा मागं एकदा रुसला होता, दुरुस्त करून आणलेला. आता वाजवून बघितला तर वाजला, पण तेव्हा वाजला होता कशावरून? प्रियदर्शनीनं नियमानं जे करायचं ते केलं. चौकशी पुरी होईतोवर विश्वजितला गाडीवरून उतरवलं. तिला ते आवडलं नव्हतं. तरी तिनं केलं.

संध्याकाळी गेटबाहेर विश्वजित मोटारसायकलला टेकून उभा होता. पुढच्या आठवड्यात बिद्रीकडचे पाहुणे त्याला बघायला येणार होते. पोरीला त्यानं मोबाइलवर ट्रॅक्टरवरचा फोटो पाठवला होता, मागं विमान, पुढं हा, काळा गॉगल घालून. बाळासोला वाटलं, पोरगं आता गळपट धरणार. धरू दे. धरलं तर बरं.

विश्वजित जवळ आला, डाव्या बाजूनं, आणि म्हणाला, “आण्णा, तुमी म्हणालासा म्हंजे वाजला नसंलच. मलाच भास झाला बगा. तुमास्नी कायतरी झालं असतं तर काय केलं असतं मी?”

बाळासोला वाटलं, ट्रॅक्टर आत्ता अंगावरून गेला.

घरी बायकोनं, शालननं, ताट वाढलं. ती उजवीकडं बसून भाकरी मोडत होती आणि मोडता मोडता काहीतरी बोलत होती. ओठ थांबले. बाळासो म्हणाला, “व्हय की.”

शालन खदखदून हसली. पदर तोंडाला लावून हसली, मग पदर तसाच डोळ्याला लावला. ती म्हणाली होती, ‘तुमच्यापरीस आमचा रेडा हुशार हाय, पटतंय का?’ असली परीक्षा ती गेले कितीतरी महिने घेत होती. तोंडावर शिव्या देऊन नवऱ्याकडून ‘व्हय की’ म्हणवून घ्यायचं सुख आळीत दुसऱ्या कुठल्या बाईला होतं? सुरुवातीला तिला गंमत वाटली. नंतर ती चूल पुसताना, दळण निवडताना एकटीच गुणगुणायला लागली:

*इमान उतरलं बाई, उजळाईच्या माळाला*
*नवस मी बोलते, दगडाच्या कानाला*

तिनं आपलं ताट उचललं, फिरून त्याच्या डाव्या अंगाला येऊन बसली आणि त्या कलत्या उन्हात हळूच शब्द सोडले.

“इस्वजितची गाडी काढून घेतली म्हणं.”

“हूं.”

“भोंगा वाजला का न्हाई, त्ये तुमास्नी कसं कळलं?”

बाळासोनं भाकरीचा तुकडा तांबड्या रश्शात बुडवला आणि बुडालेलाच ठेवला. एरवी गल्लीभर ऐकू जाणारा टीव्ही त्या रात्री घरात कुणी लावला नाही, त्यामुळं शेजाऱ्यांना मालिकेत पुढं काय झालं ते कळलं नाही.

सुरक्षा सप्ताहाचा दिवस उजाडला. विमानाला वेळ होता. काचेच्या भिंतीअलीकडं कंपनीची माणसं जमली, लोडर, ड्रायव्हर, झाडणाऱ्या बायका, सुरक्षेचे दोन जवान. काचेपलीकडं प्रवासी बॅगांवर पाय टाकून बसलेले. टेबलावर पिवळ्या बोळ्यांची ताटली ठेवली होती, लाडूंसारखी रचून. सम्राटनं एक उचलून वास घेतला. “उपासाला चालतंय काय हो?” झाडणाऱ्या विठाबाई म्हणाल्या, “तुज्या तोंडात घाल एक, समद्यांस्नी आराम पडंल.”

बाळासो खुर्चीवर बसला. मैदानात जोड लागायची वाट बघावी तसे त्यानं हात मांड्यांवर ठेवले. मागच्या रांगेत विश्वजित उभा होता. पोपटी जाकिटातल्या माणसांत तो एकटाच साध्या शर्टात, पिकात राहिलेल्या तणासारखा वेगळा दिसत होता.

प्रियदर्शनीनं बोळा चिमटीत दाबला, बाळासोच्या कानात सोडला, बोट ठेवलं, बोट काढलं. बोळा उडाला आणि जवानाच्या बुटावर पडला. हशा. तिनं दुसरा घेतला, लहान मापाचा. तो सम्राटच्या चहात. जवान म्हणाला, “मॅडम, ये कान नहीं, तोप है.” लोकांनी टेबलं बडवली. बाळासोही हसला, सगळे हसतायत म्हणून.

प्रियदर्शनी हसली नाही. तिनं हेडफोन घेतला, नीट त्याच्या डोक्यावर बसवला आणि कडेनं बोट फिरवून बघितलं. बोट आत गेलं. तिनं दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथं दोन बोटं गेली. हॉलमधला हशा ओसरला. ती समोर येऊन उभी राहिली, आणि पुस्तकी मराठी तिच्या तोंडातून गळून पडली, राहिली ती बायकाही ‘आलो-गेलो’ म्हणतात ती शिरोळकडची बोली.

“मामा, ह्ये बसतच न्हाई तुमाला. कवाच बसलं नसंल. आणि मी आल्यापास्नं रोज विचारालो, घातला का, घातला का. बसतोय का म्हणून एक दिस विचारलो न्हाई. चुकलं माझं.”

ती सगळ्यांकडं वळली. आता नीट, अधिकाऱ्यासारखी बोलली. पैलवानांच्या कानाचा साचा घेऊन वेगळे बोळे करून मिळतात, ते आजच मागवते, तालमीतले जेवढे आहेत त्या सगळ्यांसाठी. तोवर पंखे फिरत असताना अशा कानांच्या माणसानं जवळ जायचं नाही, हा नियम. मग तिनं बाळासोच्या खांद्यावर हात ठेवला.

“आणि इतकी वर्षं काही संरक्षण नसताना यांचे कान तपासणीत शंभर टक्के चांगले निघाले. हे नशीब म्हणा, तालमीची ताकद म्हणा. टाळ्या मामांच्या कानांसाठी!”

बाळासोला टाळ्या दिसल्या. विठाबाईंचे बांगड्या भरलेले हात दिसले, सम्राटचे चहानं भिजलेले हात दिसले. दूर कुठंतरी तव्यावर लाह्या फुटाव्यात तेवढाच आवाज डावीकडनं येत होता. उजवीकडं सगळं मूक, नुसते हात एकमेकांवर आपटत होते, पाखरं पंख मारून उडतच नाहीत तसे. आणि मागच्या रांगेत साध्या शर्टातला विश्वजित सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता, मान हलवत, अभिमानानं, शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत होता. काय सांगत होता ते ओठांवरून कळलं. आमचे आण्णा.

बाळासो उठला. हेडफोन काढून त्यानं बोळ्यांच्या ताटलीत ठेवला. त्याला ही गोष्ट प्रियदर्शनीला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगायची होती. पण आपला आवाज केवढा आहे हे ठरवायला माणसाला कान लागतात. तो हळूच बोलला, आणि काचेपलीकडचे प्रवासी बॅगांवरचे पाय खाली घेऊन वळले, कुणाचं तरी तान्हं पोर दचकून रडायला लागलं.

“मॅडम, टाळ्या थांबवा. त्या दिवशी मी खोटं बोललो. इस्वजितचा भोंगा वाजला का न्हाई, मला म्हायती न्हाई. आत्ता तुमी काय बोललासा त्यातलं निम्मं म्हायती न्हाई. ह्या कानात काय बी येत न्हाई, ह्यात बी थोडंच ऱ्हायलंय. मला ऐकू येत न्हाई.”